पदर जिथे पोचत नाही

दोन-अडीच वर्षांचं मूल असलेल्या कितीतरी घरांत झोपेच्या वेळी एकच शोधाशोध चालते. कुठे आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी, कुठे बारशाला आलेलं दुपटं, कुठे कापूस बाहेर आलेला ससा, तर कुठे नुसतं उशीच्या अभ्र्याचं टोक. ती वस्तू हाताला लागली की मूल बघता बघता झोपतं. नाही लागली तर सगळं घर जागं राहतं. बाहेरच्या माणसाला त्यात चिंधीपलीकडे काही दिसत नाही, पण मुलाला तीच हवी असते. तिच्यासारखी दुसरी आणून दिली तरी चालत नाही.

या सवयीबद्दल आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, “काय ते कळकट फडकं घेऊन फिरतंय, टाका एकदाचं!” आणि एखादी नातेवाईक बाई हळूच विचारते, “आई दिवसभर कामावर असते ना, म्हणून तर असं नाही?” पहिल्या सुरात लाज आहे आणि दुसऱ्यात आईवर ठपका. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जगभर या विषयावर जे काम झालं, ते या दोन्ही सुरांना आधार देत नाही. त्या कामाचा हा आढावा आहे. उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या घरांनी, बालवाड्यांनी आणि दवाखान्यांनी त्यातून काय घ्यावं, हाही प्रश्न त्यात आहे.

मुलाने स्वतः निवडलेली पहिली वस्तू

या विषयाची रीतसर सुरुवात डोनाल्ड विनिकॉट यांच्यापासून होते. हे लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयातले डॉक्टर. सुमारे चाळीस वर्षं त्यांनी तिथे मुलं तपासली, आणि सोबतीला मनोविश्लेषणाचा अभ्यासही केला. १९५१ साली ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेपुढे त्यांनी एक निबंध वाचला. तो १९५३ मध्ये छापून आला. अशा वस्तूंना त्यांनी संक्रमण-वस्तू म्हटलं, आणि आजही या विषयावरचा कुठलाही लेख त्या निबंधापासूनच सुरू होतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. अगदी तान्ह्या बाळाला आई आणि आपण वेगळे आहोत याची जाण नसते. भूक लागते, दूध येतं. जणू आपल्या इच्छेनेच ते आलं. मग हळूहळू कळू लागतं की आई वेगळी आहे, ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकते. हे कळणं सोपं नसतं. त्या टप्प्यावर, साधारण चौथ्या ते बाराव्या महिन्यांच्या दरम्यान, काही मुलं जवळपासची एखादी मऊ वस्तू धरतात आणि तिच्यात आईच्या सोबतीचा काही अंश ठेवतात. ती वस्तू आई नाही, हे त्यांना ठाऊक असतं. पण ती इतर वस्तूंसारखी परकीही नसते. आई जाते-येते, ही वस्तू मात्र मुलाच्या मुठीत राहते.

विनिकॉट यांनी आईबापांच्या वागण्यातली एक गोष्ट नेमकी टिपली. चांगले पालक या वस्तूबद्दल मुलाशी वाद घालत नाहीत. ती कळकट होऊ देतात, प्रवासात आठवणीने बरोबर घेतात. घाईने धुतली तर तिचा वास जाईल आणि मुलाच्या लेखी ती वस्तूच बदलेल, हे त्यांना न शिकवता समजतं. पुढे वय वाढलं, खेळ वाढला, गोष्टी आणि सवंगडी आले की ती वस्तू आपोआप मागे पडते. मूल तिच्यासाठी शोक करत नाही आणि तिला हाकलूनही देत नाही. विनिकॉट यांच्या मते पुढच्या आयुष्यातला खेळ, कला आणि श्रद्धा यांची मुळं आपलं आणि परकं यांच्यामधल्या याच जागेत असतात.

वासाची गोष्ट नुसत्या कल्पनेतली नाही. एडन मॅकफार्लेन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तान्ह्या बाळाच्या एका गालाशी त्याच्या आईच्या दुधाने भिजलेली पट्टी ठेवली होती आणि दुसऱ्या गालाशी परक्या बाईची. आठवड्याभराची बाळंसुद्धा आपल्या आईच्या पट्टीकडे जास्त वेळ तोंड वळवत होती. डोळ्यांना नीट दिसू लागण्याआधी नाक आईला ओळखतं. मग वर्षभराने तेच मूल न धुतलेल्या दुपट्याचा हट्ट धरतं, यात नवल ते काय?

प्रयोगांनी काय दाखवलं

विनिकॉट यांचं निरीक्षण दवाखान्यातलं होतं. त्याला मोजमापाची जोड पुढे मिळाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी रीसस माकडांची पिल्लं आईपासून तोडून दोन बनावट आयांजवळ ठेवली. एक नुसत्या तारेची होती, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे ठेवलं, तरी पिल्लं पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकी सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. भीती वाटली की धाव तिच्याचकडे. १९५८ साली हे निष्कर्ष आले. प्रयोग क्रूर होता आणि आज तसा कुणी करू देणार नाही. पण पोट भरलं की प्रेम आपोआप येतं, ही तेव्हाची समजूत त्याने मोडली. मऊ स्पर्श ही स्वतंत्र गरज आहे हे त्यातून दिसलं.

माणसांच्या मुलांवरचं महत्त्वाचं काम रिचर्ड पासमन यांचं. १९७५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लहान मुलांना अनोळखी खोलीत खेळायला सोडलं. कुणाजवळ आई होती, कुणाजवळ आपलं नेहमीचं पांघरूण, कुणाजवळ आवडतं खेळणं, तर कुणाजवळ काहीच नाही. पांघरुणाची ओढ असलेली मुलं पांघरूण जवळ असताना जवळजवळ आई जवळ असल्यासारखीच खेळली, खोलीत हिंडली. आवडत्या खेळण्याचा तितका उपयोग झाला नाही. आणि ज्या मुलांना मुळातच पांघरुणाची ओढ नव्हती, त्यांना ते देऊनही फरक पडला नाही. म्हणजे जादू कापडात नसते. मुलाने त्या कापडाशी जे नातं जोडलं त्यात ती असते. ते नातं आपण बाजारातून आणून देऊ शकत नाही.

ब्रिटनमधले ब्रूस हूड आणि अमेरिकेतले पॉल ब्लूम यांनी २००८ साली आणखी एक बाजू पुढे आणली. त्यांनी मुलांना एक यंत्र दाखवलं. त्यात ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल तयार होते, असा देखावा उभा केला होता. साध्या खेळण्याची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. पण ज्या वस्तूला कुशीत घेऊन रोज झोपतात, ती यंत्रात घालायलाच काही मुलं तयार होईनात. ज्यांनी घातली, त्यांतल्या बहुतेकांनी आपली मूळचीच परत मागितली. “तस्संच दुसरं आणू” हे मोठ्यांचं आश्वासन मुलाला का पटत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. त्या वस्तूला मुलाच्या लेखी व्यक्तीसारखं एकमेवपण असतं.

देशोदेशीचे आकडे

हे सगळं वाचून प्रत्येक मुलाला अशी वस्तू लागते असं वाटेल. तसं नाही, आणि आपल्या दृष्टीने या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग इथूनच सुरू होतो.

इटलीत रेनाता आणि एउजेनियो गाद्दिनी या जोडप्याने १९७० साली तीन गटांतल्या मुलांची तुलना केली. खेड्यातल्या मुलांत अशी वस्तू शेकडा ५ जणांकडे होती, रोम शहरातल्या मुलांत शेकडा ३१ जणांकडे, आणि रोममध्ये राहणाऱ्या परदेशी कुटुंबांतल्या मुलांत शेकडा ६१ जणांकडे. १९७६ मध्ये हाँग आणि टाउन्स यांनी कोरियातली कोरियन मुलं, अमेरिकेतली कोरियन मुलं आणि अमेरिकन मुलं पाहिली. आकडे अनुक्रमे शेकडा १८, ३४ आणि ५४ असे आले. २००३ साली होबारा यांच्या पाहणीत टोकियोत शेकडा ३८ आणि न्यूयॉर्कमध्ये शेकडा ६२ मुलांकडे अशी वस्तू होती.

तिन्ही पाहण्या एकाच दिशेने बोट दाखवतात. मूल जिथे आईच्या अंगाशी झोपतं, अंगावर पितं, डोळा लागेपर्यंत थोपटलं जातं, तिथे वस्तू कमी दिसते. जिथे त्याला वेगळ्या खाटेवर किंवा वेगळ्या खोलीत झोपवतात, तिथे ती वाढते. कोरियन मुलांचा आकडा देश बदलताच जवळजवळ दुप्पट झाला. वंश तोच होता, झोपवण्याची पद्धत बदलली होती. अर्थात हा नियम लोखंडी नाही. एकाच घरात थोरल्याला गोधडी लागते आणि धाकटीला काहीच लागत नाही, हेही सर्रास दिसतं. मुलाचा स्वभावही आपला वाटा उचलतो.

म्हणून वस्तू असणं म्हणजे मायेची कमतरता, असा अर्थ काढता येत नाही. वस्तू नसणं म्हणजे काही उणीव, असाही नाही. मूल आणि आई यांच्यात रोजचं अंतर किती पडतं आणि मूल ते कशाने भरून काढतं, एवढंच त्यातून कळतं.

आपल्या घरांतली व्यवस्था

भारतीय बालपणाचा या अंगाने विचार करणाऱ्यांत सुधीर कक्कर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९७८ साली त्यांचं ‘द इनर वर्ल्ड’ आलं. भारतीय मुलाचा आईशी असलेला शरीराचा सहवास पाश्चात्त्य मुलापेक्षा किती तरी लांब चालतो आणि त्याचा मनाच्या घडणीवर खोल ठसा उमटतो, हे त्यांनी त्यात मांडलं. कक्कर पुढे गोव्यातच, बाणावलीला राहायला आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये घरात कोण कुणाशेजारी झोपतं याच्या नोंदी केल्या, तेव्हा लहान मुलाला एकटं झोपवणं तिथे जवळजवळ आढळलंच नाही.

उत्तर गोव्यातली जुनी पद्धत याच्याशी मिळतीजुळती आहे. बाळ वाशाला बांधलेल्या झोळीत झोपतं, ती झोळीही बऱ्याचदा आईच्याच जुन्या साडीची. रात्री ते आईच्या कुशीत असतं, आणि आई उठली तर शेजारी आजी असतेच. झोप येताना त्याची बोटं काहीतरी शोधतात. त्यांना आईच्या कानाची पाळी सापडते, मंगळसूत्राचे मणी सापडतात, वेणीचं टोक किंवा पदराची कड सापडते. मुलं तासन्‌तास ती कड दोन बोटांत चोळत राहतात. विनिकॉट यांनी जी वस्तू लंडनमध्ये पाहिली तिचं बरंचसं काम आपल्याकडे आईचं अंगच करत आलं आहे.

आणि जेव्हा वस्तू आली, तेव्हा ती बहुधा गोधडीच्या रूपाने आली. तान्ह्या बाळाला नवं कापड बोचतं म्हणून जुनंच घालायचं, ही आपली रीत. त्यामुळे बाळाची गोधडी आजीच्या वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्यांची होते. वर-खाली लुगड्याचं कापड, आत जुन्या कपड्यांचे थर, कडेपासून आत येत जाणारे धावदोऱ्याचे टाके. टाक्यांमुळे कापडावर बारीक उंचसखल ओळी उठतात, कोपऱ्यात थर जाड होतात आणि घडी पडते. गोधडी धरून झोपणाऱ्या मुलाकडे जवळून पाहावं. त्याचा अंगठा आणि तर्जनी नेमक्या त्या कोपऱ्यावर फिरत असतात, उरलेली गोधडी कुठेही पडलेली का असेना. काही महिन्यांनी कोपऱ्यातला दोरा झिजतो, आतलं दुसऱ्याच रंगाचं कापड डोकावतं, आणि मूल मग तेवढ्याच जागेला धरतं. घरातल्या दोन पिढ्यांचे कपडे त्या एका कोपऱ्यात असतात. दुकानातून आणलेल्या चकचकीत ब्लँकेटपेक्षा मुलं जुनी गोधडी का निवडतात, त्याची कारणं वासात आणि या पोतात आहेत.

बदललेली घरं, बदललेले दिवस

ही व्यवस्था ज्या घरावर उभी होती, ते घर आता बदललं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत गोव्याचा जननदर १.३ इतका खाली आलेला दिसतो. म्हणजे बहुतेक घरांत एक, फार तर दोन मुलं. अंगावर घेऊन फिरणारी थोरली बहीण नाही, शेजारी झोपणारं चुलत भावंड नाही. पेडण्यात मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत उड्डाणं सुरू झाली. हरमल, मांद्रे, मोरजीचा पर्यटन-व्यवसाय वाढला, तुयेला औद्योगिक वसाहत आहे. डिचोलीत खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा ट्रक आणि मशिनरीवर चालणारी घरं दुसऱ्या कामांकडे वळली. आज दोन्ही तालुक्यांत सकाळच्या बसला कारखान्यात, हॉटेलात, दवाखान्यात, पणजीच्या कचेरीत जाणाऱ्या तरुण आया दिसतात. हे बदल बायकांच्या हातात स्वतःची कमाई देतात आणि ते चांगलंच आहे. पण मुलाचा दिवस त्यामुळे वेगळा झाला, हे मान्य करून पुढचा विचार करावा लागतो.

एक वेळापत्रक बघा. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे मूल साधारण सहा महिन्यांचं झालं की आई कामावर परतते. विनिकॉट यांनी वस्तू धरण्याचा जो काळ सांगितला, चौथा ते बारावा महिना, त्याच काळात ही तारीख येते. आठव्या महिन्याच्या सुमारास मूल अनोळखी माणसाला पाहून रडायला लागतं, आई दिसेनाशी झाली की बेचैन होतं, आणि याच सुमारास त्याला पाळणाघराची किंवा सांभाळणाऱ्या बाईची ओळख करून दिली जाते. अशा वेळी मुलाने आईची ओढणी धरून ठेवली, तर तो बिघाड समजू नये. आपल्या हाताशी असलेल्या साधनांतून मुलाने स्वतः काढलेला तो मार्ग आहे, आणि त्याची कदर केली पाहिजे.

बालवाडीच्या दारात

पुढचा टप्पा शाळेचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते सहा ही वर्षं पायाभूत टप्प्यात आली, आणि गोव्याने २०२३-२४ पासून नर्सरीच्या वर्गापासूनच त्याची अंमलबजावणी सुरू केली. तीन वर्षांचं मूल आता रीतसर विद्यार्थी झालं आहे.

जून महिन्यातल्या पहिल्या दिवसांत बालवाडीच्या दारात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मुलाच्या एका हातात डबा असतो, दुसऱ्यात फडकं. बहुतेक ठिकाणी फडकं दारातच काढून आईच्या पिशवीत जातं, कारण “शाळेत असलं काही आणायचं नसतं.” मग मूल एकाच क्षणी आईलाही मुकतं आणि फडक्यालाही. पासमन यांचा प्रयोग आठवला तर हे किती उलटं आहे ते कळतं. वस्तू जवळ असलेलं मूल अनोळखी जागेत जास्त खेळतं, जास्त हिंडतं. बालवाडीला नेमकं तेच हवं असतं.

आपल्या मराठी परंपरेत याचं भान होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघांच्या साथीने बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. मुलाला घरापासून तोडून शाळेत आणण्याऐवजी शाळाच घराजवळ गेली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडीमागे हाच विचार आहे. आज घर आणि वर्ग यांच्यामध्ये बस किंवा रिक्षाचा प्रवास आला आहे. अंगण बरोबर नेता येत नाही, पण गोधडीचा एक तुकडा नेता येतो. प्रत्येक मुलासाठी एक खुंटी आणि तिच्यावर त्याची पिशवी, इतकी सोय कुठल्याही बालवाडीला जमण्यासारखी आहे. सुरुवातीला मूल दहादा पिशवीकडे जाईल, मग खेळ रंगला की तिची आठवण फक्त झोपेच्या वेळी होईल. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखालच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून जी पाळणाघरं होतील, त्यांच्या सेविकांच्या प्रशिक्षणात हा मुद्दा पहिल्या दिवशीच यायला हवा.

दवाखान्यात

मुलाच्या सगळ्यात मोठ्या भीतीची जागा म्हणजे दवाखाना. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन यांनी १९५२ साली लंडनमध्ये एक लघुपट केला. अडीच वर्षांची लॉरा ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. तेव्हाच्या नियमांप्रमाणे आईबाप थोडा वेळच भेटू शकत. लॉरा फारशी रडत नाही. ती आपलं अस्वल आणि पांघरूण घट्ट धरून असते, आणि तिचा आवरलेला चेहराच बघणाऱ्याला असह्य होतो. असे पुरावे जमत गेले आणि ब्रिटनमधल्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने मुलांच्या वॉर्डात पालकांना मोकळेपणी येऊ द्यावं अशी शिफारस केली.

आपल्याकडे आई वॉर्डात मुलाजवळ राहते, ही आपली जमेची बाजू. पण ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी तिलाही थांबावं लागतं. इबारा, पासमन आणि आयझेनबर्ग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. पांघरुणाची ओढ असलेल्या तीन वर्षांच्या मुलांना तपासणीच्या वेळी आई जवळ असली काय किंवा पांघरूण असलं काय, सारखाच धीर आला. पेडण्या-डिचोलीचं आजारी मूल म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातं. निघताना कागदपत्रांच्या पिशवीत मुलाची वस्तू आधी टाकावी, आणि भरती करून घेताना नर्सने “याला काही लागतं का?” एवढं विचारून घ्यावं. जंतुसंसर्गाची काळजी रास्त आहे. धुतलेली वस्तू भूल चढेपर्यंत हातात ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावं. पण हा प्रश्न कुणीतरी विचारलेला असावा.

घरच्यांसाठी काही गोष्टी

काही व्यावहारिक मुद्दे राहतात. पहिला सुरक्षिततेचा. बारा महिन्यांखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटी पांघरुणं, उशा आणि मऊ खेळणी ठेवू नयेत असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, कारण नाकातोंडावर पडून गुदमरण्याचा धोका असतो. तोवर वस्तू जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर असू द्यावी. मण्यांचे डोळे, सुटी बटणं, लांब नाड्या असतील तर काढून टाकाव्यात.

दुसरा पावसाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या मुलखात गोधडी चार दिवस वाळत नाही, तिला कुबट वास येतो, बुरशी धरते. मुलाची ओढ कुठल्या कापडाकडे आहे हे लक्षात येताच त्याचे दोन तुकडे करून दोन्ही आलटून-पालटून वापरात ठेवावेत. दोन्हींना सारखाच वास आणि सारखीच झीज आली तर एक धुवायला टाकता येतो. उशिरा आणलेला जोड मूल स्वीकारत नाही, हे हूड आणि ब्लूम यांनी दाखवलंच आहे.

तिसरा मुद्दा मोबाइलचा. रडणाऱ्या मुलाच्या हातात फोन दिला की तेही शांत होतं, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. कापड स्वतः काहीच करत नाही, त्यात जीव मूल ओततं. पडदा सगळं स्वतः करतो आणि मुलाला नुसतं बघत बसवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत वर्षाखालच्या मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, असं म्हटलं आहे. फडक्याला अशी कुठलीच मर्यादा घालायची गरज पडत नाही.

काळजी कधी करावी? बहुतेक मुलांची वस्तू आधी दिवसा सुटते, मग फक्त झोपेपुरती उरते, आणि शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत मागे पडते. पण मूल सतत वस्तूतच गुंतलेलं असेल, हाकेला वळून पाहत नसेल, बोलणं उशिरा येत असेल, इतर मुलांकडे लक्षच देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात तेव्हाही हे सांगता येतं. अशा वेळी तपासण्याजोगी असतात ती बाकीची लक्षणं, कारण नुसती वस्तूची ओढ हा आजार नाही.

आणि लाज देऊन, लपवून, मिरची-कडूनिंब लावून, गाईने नेलं म्हणून खोटं सांगून ही सवय मोडू नये. ज्या गोष्टीवर मुलाने सगळ्यात आधी स्वतःच्या मनाने विश्वास टाकला, तीच मोठी माणसं न सांगता नाहीशी करतात, एवढंच ते त्यातून शिकतं. तारीख ठरवून काढून घेण्यापेक्षा त्याच्या दिवसात खेळ, गोष्टी आणि माणसं वाढवावीत. सोडण्याची वेळ ते स्वतः निवडतं.

या सगळ्या अभ्यासांतून मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. आपल्या मुलांना पूर्वी ही वस्तू कमी लागली, कारण पदर दिवसभर हाताशी होता. आता तो दिवसभर हाताशी नसतो आणि त्यात आईचा काही दोष नाही. त्या रिकाम्या वेळेत मूल जे काही धरून उभं राहतं, त्याला घराने, शाळेने आणि दवाखान्याने जागा द्यावी. त्यासाठी पैसा लागत नाही आणि नवी योजनाही लागत नाही. मूल कशाला धरून आहे हे पाहायचं आणि ते त्याच्या हातातून ओढून घ्यायचं नाही, एवढं ठरवलं तरी पुरे.